एका दिवसाची बिऱ्हाडं

‘हे खरे आहे काय?’ असं मला नवऱ्याने उभ्या संसारात कधी विचारलं नाही, विधानसभेने मात्र वर्षातून तीनदा विचारलं. अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी. अधिवेशन लागलं की आमच्या ऑफिसात माझं टेबल सोडून सगळ्यांना रजा मिळायची.

मी नगरपालिकेत लिपिक म्हणून लागले आणि वरिष्ठ लिपिक म्हणून सुटले. मधलं सगळं सांगत बसले तर वाचणाऱ्याला झोप येईल. कुठली नगरपालिका तेही लिहीत नाही, लिहून आता कुणाचं भलं व्हायचं नाही. राहायला अंबरनाथ पूर्वेला, माहेर बदलापूरच्या पलीकडचं, ऑफिसात सगळे ‘भोईर मॅडम’ म्हणायचे, एवढं पुरे.

माझं काम असं. एखादे आमदार सभागृहात विचारतात की अमुक गावातला नाला तुंबला आहे, हे खरे आहे काय? उत्तर मंत्र्यांनी द्यायचं. आता मंत्र्यांना आमचा नाला कुठून माहीत असणार? म्हणून तो प्रश्न मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून आम्हाला, असा एकेक पायरी उतरत माझ्या टेबलावर यायचा. वर लिहिलेलं असायचं, ‘आज सायंकाळपर्यंत’. उत्तर त्याच पायऱ्या चढून परत जायचं आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी त्याचे कोपरे घासायचं. मी खाली ‘पाणी नाही’ लिहिलं तर वर पोचेपर्यंत त्याचं ‘पाणीपुरवठ्याची कार्यवाही प्रगतिपथावर आहे’ झालेलं असायचं.

उत्तरं ठरलेली होती. होय. हे खरे नाही. हे अंशतः खरे आहे. आणि विलंबाची कारणं विचारली की, प्रश्न उद्भवत नाही. यात ‘अंशतः’वर माझा फार जीव. एकदा प्रश्न आला, उद्यानातलं कारंजं बंद आहे, हे खरे आहे काय? उद्यानात कारंजंच नव्हतं. ‘होय’ लिहावं तर ते चालू का करत नाही असं विचारतील, ‘नाही’ लिहावं तर कारंजं चालू आहे असा अर्थ होतो. मी ‘हे अंशतः खरे आहे’ लिहून मोकळी झाले. त्यावर कुणी पुढे काही विचारलं नाही. अशी हुशारी त्या टेबलावर बसून येते आणि एकदा आली की घरीही जात नाही. नवरा विचारायचा, भाजी झाली का, तर मी म्हणायचे अंशतः.

पण नुसत्या उत्तरावर सुटका नसते. सभागृहाच्या समित्या असतात. पंधरा-वीस आमदार, त्यांचे एक प्रमुख, सोबत अधिकारी. कागदावर लिहिलेलं त्या स्वतः येऊन बघतात. आपल्याकडे लोकशाहीत जी काही थोडी खरी भीती उरली आहे ती या समितीची. चुकीची माहिती दिली म्हणजे सभागृहाची दिशाभूल केली, म्हणजे हक्कभंग. समिती येणार म्हटलं की भल्याभल्यांची धाबी दणाणतात. मग गतिरोधकांना पांढरे पट्टे, शौचालयाला बादली, विश्रामगृहाला पडदे. मी तिला माणसाने भ्यावं अशी चांगली गोष्ट समजत आले. अजूनही समजते, पण त्या इमारतीनंतर जरा थकून समजते.

इमारत चिखलोलीच्या बाजूला होती. तिथे आता टॉवरच टॉवर उठलेत, तेव्हा नुकते पाये खणत होते. रस्ता रुंद करताना ज्यांची घरं तुटली त्यांच्यासाठी पालिकेने ती पाचमजली इमारत बांधली. बांधून रंगवून तयार, पण पाण्याची लाइन नाही. लाइन एकाने द्यायची, रस्ता खोदायची परवानगी दुसऱ्याने द्यायची, आणि दोघांच्या मधे आम्ही पत्रं लिहीत बसलेलो. तोवर ती माणसं पत्र्याच्या शेडमध्ये. कागदावर त्या शेडचं नाव ‘संक्रमण शिबिर’. एका पावसाळ्यापुरतं म्हणून नेलं होतं. तिथे जन्मलेली पोरं आता शाळेत जात होती.

या इमारतीवर प्रश्न आला. इमारत तयार असूनही लाभार्थी घरापासून वंचित आहेत, हे खरे आहे काय? मी लिहिलं, ‘होय, हे खरे आहे.’ आमचे मुख्याधिकारी साहेब तरुण होते, परीक्षा देऊन आलेले, वाईट माणूस अजिबात नव्हे. ते म्हणाले, “मॅडम, ‘होय’ लिहिलं की पुढे दहा उपप्रश्न येतात. अंशतः करा.” मी अंशतः केलं. वर कुठल्या पायरीवर काय झालं देव जाणे, सभागृहात उत्तर दिलं गेलं ते असं: हे खरे नाही, लाभार्थी वास्तव्यास आहेत.

आणि महिन्याभरात समितीचा दौरा आला. कार्यक्रमात ठळक अक्षरात, ‘पुनर्वसन इमारतीस भेट व लाभार्थ्यांशी चर्चा’.

साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंग बसली. आमचे इंजिनीअर रामचंदानी, उल्हासनगरचे, सिंधी माणूस, मराठी-हिंदी एकाच घोटात बोलणारे. कसलाही पेच आला तरी त्यांच्याकडे उपाय तयार असायचा. ते म्हणाले, “साहेब, टेन्शन नको. एक दिन का सवाल है. पहिला आणि दुसरा मजला भरू. ठेकेदाराचे लेबर आहेत, त्यांच्या बायका-पोरं बसवतो. टाकी टँकरने फुल करतो. समिती गेली, खाली करून टाकू.”

मग मी बोलले. म्हटलं, बसवायचीच आहेत ना माणसं, तर निदान ज्यांची घरं आहेत ती बसवा. उद्या कुणी नाव विचारलं तर नाव तरी खरं निघेल. खोटं बोलायला माझी हरकत नव्हती असं नाही, पण कुणी मला विचारतच नव्हतं; तेवढ्यात जितकं खरं वाचवता येईल तितकं वाचवायची मला खोड. साहेबांना पटलं. शिबिरातली पहिल्या दोन मजल्यांवर नावं लागलेली दहा-बारा कुटुंबं निवडली आणि त्यांना सांगायला मलाच पाठवलं.

तिथे माझी दोघींशी ओळख होती. एक शेवंताबाई. मूळ राजापूरकडच्या, नवरा अंबरनाथच्या कारखान्यात होता, तो गेला, मूलबाळ नाही. सत्तरीच्या, कामसू आणि भिडस्त बाई. त्यांच्या शेजारी यमुना मुकणे. ती वांगणीच्या डोंगरातल्या वाडीवरची, नवरा बिगारी, एक मुलगी दहावीला. यमुना उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यातून गठ्ठे आणून धागे कापायची. शेडमध्ये तिच्या दारात कायम निळ्या पँटींचा ढीग.

मी सांगितलं, एक दिवस तिकडे राहायला जायचंय, चूलभांडी घेऊन. साहेब लोक येतील, विचारलं तर म्हणायचं, राहतो. संध्याकाळी गाडी परत आणेल. किल्ली लवकरच देणार आहोत.

शेवंताबाई म्हणाल्या, “आणि नाही म्हटलं तर, मॅडम, नाव कापतील का हो?”

“नाव कोण कापतंय?” मी म्हटलं.

यमुनाने काही विचारलं नाही. तिने फक्त, “घर कुठलं, आमचं आमालाच?” एवढं पक्कं करून घेतलं.

कचऱ्याच्या गाड्या धुऊन त्यातून सामान नेलं. मी आयुष्यात पुष्कळ गृहप्रवेश पाहिले, असा पाहिला नाही. प्रत्येकाला त्याच्या नावाच्या खोलीचं दार उघडून दिलं, आणि ज्या घरासाठी ही माणसं इतकी वर्षं आमच्या पायऱ्या झिजवत होती त्या घरात ती चपला काढून शिरली. कुणी नळ सोडून बघतंय, कुणी बटण दाबून दिवा लावतंय. रामचंदानी जिन्यातून ओरडत होते, “कपडे वाळत घाला, मॅडम. कपडे नसले तर बिल्डिंग रिकामी दिसते.” मग बाल्कन्यांना दोऱ्या बांधल्या. सुकेच कपडे बादलीत बुडवून वाळत घातले. शेवंताबाईंनी आपली दोन लुगडी अशी नीट ओढून, चुण्या काढून घातली की मला तिथून बाजूला व्हावं लागलं.

समिती आली. नारळ, शाल, फोटो. समितीप्रमुख म्हणजे एक म्हातारे आमदार, गावाकडचे, धोतर-टोपीतले. सगळा ताफा पहिल्या मजल्यावर फिरला. दुसऱ्या मजल्यावर ते यमुनाच्या दाराशी थांबले.

“काय बाई, इथेच राहता?”

“राहते,” यमुना म्हणाली.

“पाणी येतं का?”

यमुनाने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. “आज आलंय.”

मागे कुणीतरी खोकलं. म्हातारबाबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “आणि उद्या?”

“ते या सायबांना विचारा.”

ते आमच्या साहेबांकडे वळले. “उद्या येईल का हो?” साहेब म्हणाले, “येईल, सर.” मागचा अधिकारी लिहून घेत होता, त्याने तेही लिहून घेतलं. मला आजही वाटतं, त्या म्हाताऱ्याला सगळं कळलं होतं. त्याला जेवढं करता येणं शक्य होतं तेवढं त्याने त्या एका प्रश्नात केलं आणि पुढे जेवायला गेला.

दुपार टळल्यावर गाड्या परत आल्या. खाली उतरा म्हटल्यावर माणसं उतरली. पोरांनी कुरकुर केली, दोन-चार बायका डोळे पुसत होत्या, पण उतरली. सर्वांत शेवटी शेवंताबाई. बघते तर त्या फरशी पुसत होत्या. म्हटलं, अहो चला, कशाला पुसता? तर म्हणाल्या, “पालिकेचं घर. तसंच कसं टाकून जायचं?” घर त्यांचं होतं, वाटपाच्या यादीत त्यांचं नाव होतं, आणि त्या पाहुण्यासारखी फरशी पुसून, लुगड्यांच्या घड्या घालून, मला नमस्कार करून गाडीत बसल्या.

यमुना उतरली नाही. मी वर गेले तर तिने दोरी अजून घट्ट बांधली होती.

“यमुना, गाडी थांबलीय.”

“जाऊ द्या गाडी. त्या म्हाताऱ्या सायबाला मी सांगितलं ना, राहते म्हणून? आता उठून गेले तर मी खोटी पडेन, मॅडम. मी नाय खोटी पडायची. तुमाला पडायचं असंल तर तुमी पडा.”

आणि तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मीटिंग. रामचंदानी म्हणाले, पोलीस घेऊन काढू. साहेबांनीच नकारार्थी मान हलवली. “कुठल्या कारणाने काढणार? बेकायदा घुसली म्हणून? सभागृहात आपण सांगितलंय ती राहते. समितीने डोळ्यांनी पाहिलंय. तिला काढलं तर आपणच कबूल करतो की सगळं खोटं होतं.” सभागृहाला दिलेलं एक खोटं उत्तर त्या बाईच्या दारावर पहारा देत उभं होतं. मला मनातून इतका आनंद झाला की मी खिडकीकडे बघत बसले.

पण सरकारी डोकं. काढायचं नाही, तर राहणं अवघड करायचं. टँकर बंद झाला, जिन्यातले दिवे गेले. आणि समजूत घालायला पुन्हा मीच. गुडघे धरत दुसरा मजला चढले. पाचमजली इमारतीत ते एकच बिऱ्हाड. यमुना दारात बसून जीन्सचे धागे कापत होती, सगळीकडे निळ्या धाग्यांचा कचरा. पाणी शेजारच्या टॉवरच्या बांधकामावरून, तिथल्या वॉचमनला सांगून, डोक्यावर आणायची.

मी म्हटलं, “यमुना, दोन-तीन महिने कळ काढ. सगळ्यांना एकदम किल्ल्या मिळतील. एकटी कशाला हाल काढतेस?”

ती कात्री न थांबवता म्हणाली, “मॅडम, परवा पोरीनं दार लावून आंघोळ केली. तिकडं साडीचा आडोसा असतो, रस्त्यानं माणसं जातात. ती जन्मात पयल्यांदा दार लावून नाहली. एवढा वेळ आत होती, मला वाटलं पडली-बिडली. बाहेर आली तर रडत होती. आता सांगा, तिला परत त्या आडोशाला नेऊ? तुमी न्याल तुमच्या पोरीला?”

मला मुलगी आहे. मी पाणी प्यायले, तिने डोक्यावरून आणलेलं, आणि खाली उतरून ऑफिसात सांगितलं, ती येत नाही, मला परत पाठवू नका.

मग समितीचं पत्र आलं. साहेबांनी दिलेल्या आश्वासनानुसार पाणीपुरवठा सुरू झाला काय, आणि सध्या वास्तव्यास असलेल्या कुटुंबांची नावे कळवावीत. मी मसुदा केला: एक कुटुंब वास्तव्यास आहे, पाणी नाही. साहेबांनी डोकं धरलं. “एक कसं लिहू, मॅडम? त्यांनी दहा-बारा पाहिली. बाकीची कुठे गेली?”

रामचंदानी सहज म्हणाले, “गावी गेली लिहा ना. सुट्ट्या आहेत, लोक गावाला जातात.”

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. साहेबांनी स्वतः वाक्य घातलं: ‘उर्वरित कुटुंबे मूळ गावी गेल्याचे आढळून आले.’ उत्तर पायऱ्या चढून गेलं. या खेपेला त्याचे कोपरे कुणी घासले नाहीत, जसंच्या तसं पोचलं.

समितीचा दणका मात्र बसला. ज्या लाइनसाठी वर्षानुवर्षं पत्रं चालली होती ती चार आठवड्यांत आली. यमुनाच्या नळाला पाणी आलं. तिने माझ्यासाठी तांदळाच्या भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी डब्यात भरून ऑफिसात आणून दिली. मी साहेबांच्या केबिनसमोर बसून खाल्ली, मुद्दाम. मला वाटलं, आता पाणी आलं, आता सगळ्यांना किल्ल्या.

त्याच सुमारास नवा आदेश आला. आदेश कागदावर चुकीचा नव्हता, आजही मला त्यात चूक काढता येत नाही. पुनर्वसनाची घरं घेऊन, कुलूप लावून गावी निघून जाणारे लोक असतात. काही भाड्यानेही देतात. तसं कुणी केलं असेल तर त्याचं वाटप रद्द करून घर ताब्यात घ्यावं, असं धोरण. आणि आमच्या इमारतीची माहिती वर होतीच. कुटुंबे वास्तव्यास होती. कुटुंबे मूळ गावी गेली. दोन्ही वाक्यं सभागृहाच्या कामकाजातली, दुसरं तर आमच्याच सहीने गेलेलं.

यमुना सोडून त्या दहा-बारांतली सगळी वाटपं रद्द झाली.

जे आमचं ऐकून खाली उतरले त्यांची घरं गेली. जी बाई आमचं न ऐकता दार लावून बसली तिचं राहिलं.

शेवंताबाई नोटीस घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, शेडमधल्या कुणीतरी वाचून दाखवलं होतं. उभ्याच राहिल्या, खुर्ची दिली तरी बसेनात. म्हणाल्या, “मॅडम, मी गावाला कधी गेले? माझं गावाला आहे तरी कोण?”

मी तीस वर्षं उत्तरं लिहिली. होय, नाही, अंशतः. त्या बाईला द्यायला माझ्याकडे त्यातलं एकही निघालं नाही. मी उठून त्यांना पाणी दिलं.

त्यानंतर मी जे काही करायचं ते केलं. टिपणी लिहिली, वस्तुस्थिती अशी आहे म्हणून. साहेबांनी वाचली. म्हणाले, “हे वर पाठवायचं तर सभागृहात दिलेलं उत्तर चुकलं असं मंत्र्यांना सांगावं लागेल. कोण सांगणार? मी सांगितलं तर मी उद्या गडचिरोलीला. आणि नवे येतील ते हे उघडणारसुद्धा नाहीत.” त्यांचीही पोरं लहान होती. तरी त्यांनी टिपणी पाठवली, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. ती जिल्ह्यापर्यंत चढली आणि तिथे बसली. साहेबांची बदली झाली, गडचिरोलीला नव्हे, पण लांबच. रामचंदानींनी निवृत्ती घेऊन उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये मुलाच्या फर्निचरच्या दुकानात गल्ल्यावर बसायला सुरुवात केली. मी भेटले की विषय काढतात. “मॅडम, मी सहज बोललो हो. ऐसा होगा किसको मालूम था?” त्यांना खरंच वाईट वाटतं, म्हणून मी जास्त बोलत नाही.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ झालं, भाषणं झाली. कुणीतरी म्हणालं, भोईर मॅडमच्या उत्तराला कधी आक्षेप आला नाही. टाळ्या पडल्या. खरं आहे, आला नाही. तेच तर दुखणं.

त्या खोल्या अजून रिकाम्या आहेत. नवी यादी व्हायची आहे, तिच्यावर हरकती आहेत, हरकतींवर सुनावणी आहे. दारांना लाखेची सीलं. यमुनाची मुलगी आता नर्सिंग करते. मी मधे गेले होते तेव्हा यमुना म्हणाली, शेजारची खोली शेवंताबाईंची, मी तिच्या दारातनं रोज झाडू मारते, नायतर जाळी धरतात. शेवंताबाईंना ती चार दिवस आपल्याकडे राहायला बोलावते. त्या येत नाहीत, म्हणतात, लोकाच्या घरी किती राहायचं?

गेल्या आठवड्यात त्या मला अंबरनाथच्या बाजारात भेटल्या. सुकट घेत होत्या. पाठीतून फार वाकल्यात, पण मला आधी त्यांनीच ओळखलं. तब्येत विचारली, मुलीचं विचारलं. मला वाटलं, इमारतीचं काढतील. त्यांनी काढलंच, पण मला वाटलं तसं नाही. माझा हात धरून, जरा बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारलं, “मॅडम, ती समिती परत कधी येणार हो?”

मी म्हटलं, “बाई, मी आता ऑफिसात नसते. मला कसं कळणार?”

“तरी कळलं तर सांगा. आधी सांगा म्हणजे झालं.” त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “दोरी मी घेऊन ठेवलीय. या वेळी वाळत घातलेले कपडे काढणार नाही.”